नावाचा भाव

एकाच आठवड्यात लिलावाच्या संकेतस्थळावर दोन नाणी येतात. वर्ष तेच, टांकसाळ तीच, अवस्थाही जवळपास सारखीच. एक नावाजलेल्या विक्रेत्याकडचं, दुसरं कुणी फारसं न ऐकलेल्या माणसाकडचं. पहिल्यावर बोल्यांची झुंबड उडते, दुसरं दोन-तीन बोल्यांत आटोपतं. चढ्या भावाने पहिलं घेणाऱ्याला विचारलं, की बाबा रे, शेजारचं का नाही घेतलंस, तर उत्तर ठरलेलं असतं: "ह्याच्याकडून घेतलं की डोक्याला ताप नाही."

हे उत्तर खोटं नाही, अपुरं आहे. विक्रेत्याची पत ही त्याच्या वागण्याबद्दलची साक्ष असते. पैसे घेऊन तो पळून जाणार नाही, माल नीट बांधून पाठवेल, तक्रार आली तर फोन बंद करून बसणार नाही, इतकं ती सांगते. संग्राहक मात्र तीच साक्ष वस्तूच्या दर्जाबद्दल आणि तिच्या किमतीबद्दलही ग्राह्य धरतो. माणूस सचोटीचा आहे आणि नाणं त्या किमतीचं आहे, ही दोन वेगवेगळी विधानं आहेत. त्यांच्यातली दरी संग्राहक स्वतःच्या खिशातून बुजवत असतो, आणि लिलावाची संकेतस्थळं ती बुजवायला त्याला आनंदाने मदत करतात.

आधी विश्वासाच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. विकणाऱ्याला मालाची खोट माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू दिसेनासा होतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं. त्यासाठी 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. ऑनलाइन लिलाव हा तर अकेरलॉफ यांच्या बाजाराचा कळस म्हणायला हवा. माल हातात नाही, माणूस समोर नाही, फक्त फोटो आणि चार ओळी. पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर 1995 मध्ये जे संकेतस्थळ सुरू केलं, त्याचं पुढे ईबे झालं. तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत 14.83 डॉलर. तो चालत नाही हे माहीत आहे ना, असं ओमिद्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. ही गोष्ट ओमिद्यारच सांगत आले आहेत. म्हणजे या धंद्याची बोहनीच संग्राहकाच्या हातून झाली. काही महिन्यांतच, फेब्रुवारी 1996 मध्ये, तिथे एकमेकांना शेरे देण्याची सोय झाली, आणि अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याचं धाडस लोकांना त्यामुळे झालं.

या पतीची किंमत किती, हेही मोजलं गेलं आहे. पॉल रेझनिक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या एका मुरलेल्या विक्रेत्याला हाताशी धरलं. सारख्याच पोस्टकार्डांच्या जोड्या लावून त्यांतली काही त्याच्या जुन्या, भरपूर चांगल्या शेऱ्यांच्या खात्यावरून विकली, काही कोऱ्या करकरीत खात्यांवरून. माणूस तोच, माल तोच. 2006 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जुन्या नावाला घेणारे 8.1 टक्के जास्त द्यायला तयार होते. त्याच अभ्यासात एक गमतीची बाब आहे. नव्या खात्यांवर एखाददुसरा वाईट शेरा पडला, तरी त्याने भावात फरक पडला नाही.

हे आठ टक्के मला अजिबात खुपत नाहीत. ते विम्याच्या हप्त्यासारखे आहेत, आणि विक्रेत्याने सरळ राहावं म्हणून त्याला बांधून ठेवणारी ती दोरीही आहे. नावावर दरवेळी चार पैसे जास्त मिळत असतील, तर एका व्यवहारात फसवून ते नाव घालवणं त्याला परवडत नाही. कार्ल शपिरो यांनी 1983 मध्ये हा युक्तिवाद रीतसर मांडला होता. तेव्हा नावाला भाव नसावाच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. प्रश्न त्या आठ टक्क्यांच्या वर जे जातं त्याचा आहे.

नाव नेमकं कशाची हमी देतं, याचा छडा जिंजर जिन आणि अँड्र्यू काटो यांनी लावला. त्यांनी ईबेवरून बेसबॉलपटूंची, कुणीही ग्रेड न दिलेली, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून दर्जाचा आकडा न लावलेली, कार्डं विकत घेतली आणि ती मग व्यावसायिक ग्रेडिंगला पाठवली. त्यांचाही लेख 2006 चाच. ज्या कार्डांबद्दल विक्रेत्याने स्वतःच 'उत्तम', 'निर्दोष' असे दावे केले होते, त्यांना लोकांनी जास्त पैसे दिले, पण त्या बदल्यात दर्जा जास्त मिळाला नाही. उलट तिथे फसवणूकच जास्त झाली. पतदार विक्रेते असे अवाच्या सवा दावे कमी करतात आणि व्यवहार पुरा करतात, हेही दिसलं. इथपर्यंत नाव कामाला आलं. पण पुऱ्या झालेल्या व्यवहारांपुरतं पाहिलं, तर पतदार विक्रेत्याकडून आलेलं कार्ड इतरांकडच्यापेक्षा दर्जाने सरस निघालं नाही. नाव व्यवहाराची राखण करतं, मालाची नाही.

यात विक्रेत्याची लबाडी असायलाच हवी असं नाही. नाण्याचा फोटो कसा काढतात ते पाहा. टांकसाळीतून निघालेल्या, न हाताळलेल्या चांदीच्या नाण्यावर एक झळाळी असते. नाणं हातात धरून कलतं फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्यावरून फिरतात. कुणी कधी ते नाणं घासून-पुसून चकचकीत केलं असेल, तर हे पट्टे फिरत नाहीत. नाणं नुसतंच पांढरं चमकतं आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. आता वरून, सरळ, भरपूर उजेडात फोटो घेतला, की झळाळी आणि चकाकी यांत काही फरक उरत नाही. रेघा तर पार धुऊन निघतात. नेटका, प्रामाणिक, सगळी नाणी एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपणारा विक्रेता नकळत हेच करत असतो. टपाल तिकिटांचंही तेच. पुढची बाजू ठसठशीत दिसते. मागचा गोंद मूळचा की नंतर लावलेला, ते तिकीट हातात घेऊन कडेच्या दात्यांशी पाहावं लागतं. अनोळखी विक्रेता असला तर संग्राहक चार प्रश्न विचारतो, मागच्या बाजूचा फोटो मागतो, कलता फोटो मागतो. ओळखीचा असला की विचारतच नाही. डोक्याला ताप नाही तो असा. आपली नजर न वापरण्याची सवलत त्याने विकत घेतलेली असते.

भाव नेमका चढतो कसा, हे कळायला लिलावाच्या यंत्रणेत थोडं शिरावं लागतं, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. आपण आपली कमाल रक्कम सांगून ठेवायची आणि संकेतस्थळाने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वर ठेवत आपल्या वतीने बोली लावत राहायची, ही पद्धत आता सगळ्यांना परिचित आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या भावाने पहिल्याला माल देण्यामागचं गणित विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये मांडलं; तिकिटांचे व्यापारी मात्र टपालाने येणाऱ्या बोल्यांसाठी 1893 पासूनच ही रीत वापरत होते. तर या पद्धतीत किंमत जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या पाठोपाठ हरणारा ठरवतो. तुम्ही मनात कितीही मोठा आकडा धरलात, तरी तिथवर तुम्हाला ढकलायला दुसरा तितकाच वेडा लागतो.

आणि दुसरा वेडा भेटतो कुठे? नावाजलेल्या विक्रेत्याच्याच पानावर. अनोळखी विक्रेत्याकडच्या चांगल्या नाण्याला हेरणारा एखादाच असतो, म्हणून त्याला ते स्वस्तात सुटतं. नावाजलेल्याकडे त्या विषयातले सगळे दर्दी एकाच रात्री जमलेले असतात. म्हणजे तुम्ही जो चढा भाव दिलात त्यातला मोठा भाग तुमच्या विश्वासाचा नाहीच, तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या विश्वासाचा आहे. विक्रेत्याची खरी दौलत त्याच्या कपाटातली नाणी नव्हे, त्याच्या पानावर डोळा ठेवून बसलेली माणसं.

त्यात ही माणसं एकमेकांकडे पाहून बोली लावतात. तिकिटांतला अमुक एक जाणकार या लॉटवर, म्हणजे लिलावात एकत्र विकायला मांडलेल्या मालावर, बोली लावतो आहे, म्हणजे माल अस्सल असणार. त्या जाणकारालाही वाटत असतं, की एवढे लोक आहेत, म्हणजे आपण काही चुकत नाही. जो तो दुसऱ्याच्या परीक्षेवर विसंबलेला, आणि परीक्षा प्रत्यक्षात कुणीच केलेली नाही, असंही घडू शकतं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स यांनी 2002 मध्ये दाखवलं, की ठरल्या वेळी पडदा पडणाऱ्या ईबेवर पुरातन वस्तूंच्या लिलावात शेवटच्या क्षणी बोली लावण्याचं प्रमाण संगणकांच्या लिलावापेक्षा जास्त होतं. त्यांचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे: जाणकाराची बोली हीच माहिती असते, आणि ती फुकट वाटायची नसेल तर तो अखेरच्या सेकंदापर्यंत दबा धरून बसतो. म्हणजे संग्राहकांना हे कळतं. तरीही आपल्या लाडक्या विक्रेत्याकडे आपण स्वतःच दुसऱ्याच्या बोलीवरून दर्जा ठरवतो आहोत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. अनेकांनी एकाच वस्तूची किंमत अंदाजाने लावली की ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला तोच जिंकतो, हा 'विजेत्याचा शाप' 1971 मध्ये तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून मांडला होता. त्यांना मेक्सिकोच्या आखाताखाली काय आहे ते दिसत नव्हतं. संग्राहकाला निदान भिंग वापरता येतं.

शिवाय गर्दीतल्या सगळ्यांनी वेडेपणा करायचीही गरज नाही. हान ली आणि उल्रिके माल्मेंडिअर यांनी ईबेवरच्या एका बोर्ड गेमचे लिलाव तपासले. तोच खेळ तिथेच, त्याच वेळी ठरावीक किमतीला मिळत होता, तरी 42 टक्के लिलाव त्या किमतीच्या वर गेले. अशी जादा बोली लावणारे होते फक्त 17 टक्के. लिलावाची रीतच अशी, की थंड डोक्याचे शंभरजण बाजूला होतात आणि तापलेला एक शिल्लक राहतो. बोर्ड गेमची ही गत, तर जिच्या किमतीला शेजारी कुठे ठाम फूटपट्टीच नाही अशा जुन्या वस्तूंची काय असेल?

आता मर्जीचं बोलू. 'मर्जीतला विक्रेता' असं आपण म्हणतो खरं, पण मर्जी राखत असतो घेणारा. पार्सल उघडलं की पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेलं तिकीट, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी, पाकिटावर मुद्दाम निवडून लावलेली जुनी तिकिटं. पुढच्या महिन्यात तुमच्या आवडीचं काहीतरी येतंय, अशी एक ओळ. यात कुणी कुणाला लुबाडत नाही; बऱ्याचदा ही माणसं खरोखरच लाघवी असतात. पण अशा विक्रेत्याच्या लॉटवर बोली लावताना हात सैल सुटतो. दुर्मिळ माल आला तर आधी आपल्याला कळवेल, या आशेवर चार साध्या लॉटना थोडा जास्त भाव दिला जातो. पुढच्या रांगेतल्या खुर्चीचं ते आगाऊ भाडं असतं. आणि अशा खुर्च्या त्याने किती जणांना भाड्याने दिल्यात, ते कुणालाच ठाऊक नसतं.

इथे कुणीतरी म्हणणारच, की हौसेला मोल नसतं. माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःचा आनंद विकत घेतो, त्यात तुमचं काय गेलं? त्यावर माझी एक साधी कसोटी आहे. तीच वस्तू उद्या तुम्ही स्वतःच्या नावाने विकायला काढा. दिलेल्या भावातला जेवढा भाग वस्तूचा होता तेवढा परत येईल, जेवढा विक्रेत्याच्या नावाचा होता तेवढा त्याच्याकडेच राहिलेला असेल. नाव वस्तूला चिकटून येत नाही. पूर्वीच्या मालकाचं नाव येतं, ती गोष्ट वेगळी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन केनेडी ओनासिस यांची खोट्या मोत्यांची माळ 1996 मध्ये सदबीजच्या लिलावात 2,11,500 डॉलरना गेली. अंदाज होता पाचशे ते सातशेचा. पण ती माळ कुठेही विकली तरी जॅकलीन यांचीच राहणार. तुम्ही अमुक विक्रेत्याकडून घेतलेलं नाणं मात्र तुमच्या हातात आलं की नुसतं नाणं असतं. आणि आनंदाचंच म्हणाल, तर पदरी पडलं पवित्र झालं या न्यायाने तो चढ्या भावातही सापडतो. म्हणूनच त्याच्यावरून भावाचा निवाडा करता येत नाही.

दुसरं म्हणजे हा खर्च एकट्याच्या खिशापुरता राहत नाही. झालेल्या विक्रीचे भाव नोंदले जातात, त्यांवरून मार्गदर्शक किमती ठरतात. एका विक्रेत्याच्या भरलेल्या दरबारात चढलेला भाव उद्या 'बाजारभाव' म्हणून नवशिक्यापुढे येतो. तोच विक्रेता पुढच्या लॉटच्या वर्णनात स्वतःच्याच मागच्या विक्रीचा दाखला देतो, आणि घेणाऱ्याला तो तटस्थ पुरावा वाटतो.

हे टोकाला गेलं की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या बिल मॅस्ट्रो यांचं. क्रीडाविषयक जुन्या वस्तूंच्या लिलावात त्यांच्या कंपनीइतकं मोठं नाव एकेकाळी दुसरं नव्हतं. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटातून आलेलं एक कार्ड त्यांच्या हातून गेलं होतं. ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए या संस्थेने त्याला दहापैकी 8 ग्रेड दिली, ते या संस्थेने ग्रेड दिलेलं पहिलंच कार्ड होतं, आणि 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरना विकलं गेलं. त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली मॅस्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयात दिली. आपल्या लिलावांत खोट्या बोल्या लावून भाव चढवले जात, हेही त्यांनी मान्य केलं. 2015 मध्ये त्यांना 20 महिन्यांची शिक्षा झाली. वर्षानुवर्षं त्यांच्याकडून घेणाऱ्यांत कच्चे गडी नव्हते. या क्षेत्रातले सगळ्यांत मुरलेले लोक होते. ते हातातलं कार्ड तपासू शकत होते. समोर चढणारी बोली खऱ्या माणसाची आहे का, हे तपासण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती.

ऑनलाइन घेणाऱ्याकडे ती आजही पुरती नाही. विक्रेत्याचं नाव ठळक, बोली लावणाऱ्यांची नावं मात्र चांदण्यांनी झाकलेली. गोपनीयतेची गरज मला मान्य आहे. पण ज्याच्यामुळे माझा भाव चढतो तो कोण, हे मला कधीच कळणार नसेल, तर मी कशावर विश्वास ठेवतो आहे? काही ठिकाणी बोली लावणाऱ्याच्या एकूण बोल्यांपैकी किती याच विक्रेत्याकडे लावल्या, याची टक्केवारी दिसते, पण ती हुडकावी लागते. आणि हुडकली तरी पंचाईत अशी, की निष्ठावान संग्राहक आणि विक्रेत्याचा हस्तक, दोघांचे आकडे हुबेहूब सारखेच दिसतात. लाडका विक्रेता जितका लाडका, तितकी खोटी बोली लपवायला जागा जास्त.

शेऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी ईबेच्या आतल्या माहितीवरून दाखवलं, की विक्रेत्यांच्या चांगल्या शेऱ्यांची सरासरी 99.3 टक्के होती आणि मधल्या क्रमांकाचा विक्रेता थेट 100 टक्क्यांवर होता. सगळी शाळा पहिली आली, तर निकालाला अर्थ काय राहिला? सूड म्हणून वाईट शेरा मिळेल या भीतीने घेणारे गप्प बसतात, हे ओळखून ईबेने 2008 मध्ये विक्रेत्यांनी घेणाऱ्यांना वाईट शेरे देण्यास मनाई केली. त्यानंतरही नॉस्को आणि टाडेलिस यांना हीच सरासरी दिसली, कारण नाराज माणूस भांडत बसण्यापेक्षा काहीच न लिहिता निघून जातो.

यावर विक्रेत्याचं नाव लिलाव संपेपर्यंत झाकून ठेवावं, अशी टोकाची सूचना करता येईल. मला ती मान्य नाही. त्याने ते हक्काचे आठ टक्केही जातील आणि लबाडांचं फावेल. पण नावाची फोड तरी व्हायला हवी. वेळेवर पाठवलं का, याचा शेरा वेगळा आणि वर्णनाप्रमाणे निघालं का, याचा वेगळा. आणि दुसऱ्यात किती लॉट परत आले, किती ग्रेडिंगमध्ये नापास झाले, याचे आकडे. जिंकूनही पैसे न भरलेल्या बोल्या भावांच्या नोंदीतून काढून टाकाव्यात. बोली लावणाऱ्याचं खरं नाव नको, पण एका विक्रेत्याच्या सगळ्या लिलावांत त्याची एकच खूण कायम राहावी, म्हणजे तोच माणूस दरवेळी दुसरा येऊन थांबतो का, ते कुणालाही मोजता येईल.

यातलं काहीच तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ही सगळी माहिती संकेतस्थळांकडे आजही पडून आहे. ती उघड करण्याची त्यांना घाई नाही, कारण त्यांचं कमिशन अंतिम भावाच्या टक्केवारीवर ठरतं. तेव्हा मागणी संग्राहकांच्या संस्थांनीच लावून धरली पाहिजे. आणि ती पुरी होईपर्यंत परत गेलेल्या, नापास झालेल्या लॉटची विक्रेतावार वही त्यांनी स्वतःच ठेवावी. त्या वहीत आपल्या आवडत्या विक्रेत्याचं नाव घालायला पहिल्यांदा कोण तयार होतं, तिथे खरी अडचण येणार आहे.